सव्वा तासाचं विमान आणि एकोणतीस तासांची वाट

नेटवर कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, एका सेकंदात उत्तर येतं. हवाई अंतर इतके किलोमीटर, फ्लाइट टाइम इतकी मिनिटं. सोलापूर ते मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) टाकलं तर ३०० किलोमीटरच्या थोडं वर येतं आणि वेळ तासाच्या आतबाहेर. हे असले आकडे बघून आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहितं, "बघा, गोवा आता तासाभरावर आलं." माझं सरळ म्हणणं असं की गोवा तासाभरावर आलेलं नाहीये, आणि हा जो मिनिटांचा आकडा आहे ना, तोच धरून आपण छोट्या शहरांच्या विमानसेवेचं कौतुक पण करतो आणि टीका पण, त्यामुळे दोन्ही चुकतं.

आधी आकडा कुठून येतो ते बघू. मी एकदा शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवून सोलापूर ते मोपा रेघ मारली होती. ती जत आणि अथणीच्या जवळून जाते, मग चिकोडी, गडहिंग्लज, चंदगडच्या अंगाने घाट उतरून पेडण्यात. म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात, परत महाराष्ट्रात आणि मग गोव्यात. वेबसाइट ही सरळ रेघच मोजते (पृथ्वी गोल असल्याचा हिशोब धरून, पण ३०० किलोमीटरला त्याने काही फरक पडत नाही) आणि तिला मोठ्या जेटच्या स्पीडने, ताशी ८०० वगैरेने भागते, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकते की झालं उत्तर. पण आपल्याकडे असल्या मार्गावर मोठं जेट येत नाही, पंखेवालं एटीआर ७२ येतं, साधारण सत्तर सीटचं, ज्याचा स्पीड ताशी ५०० च्या आसपास असतो. आणि विमान काही पट्टी ठेवून उडत नाही. सोलापूरच्या खालच्या बाजूला बेळगावला हवाई दलाचा तळ, तिकडे गोव्यातलं दाबोळी नौदलाचं, त्यात वारा, ढग, समोर उतरणारं दुसरं विमान, या सगळ्यातून वाट काढत जायचं असतं. तिकिटावर जो तास-सव्वा तास छापतात तो विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतचा, त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं पण आलं आणि कंपनीने उशीर लपवायला ठेवलेली चार मिनिटं पण आली. ती ठेवतातच, कारण ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं की सरकारी हिशोबात विमान 'वेळेवर' धरतात.

बरं, हे सगळं असूनही माझी तक्रार या मिनिटांबद्दल नाहीये. मागच्या खेपेला आईला घेऊन म्हापशाला मावशीकडे गेले तेव्हा मी फोनच्या नोट्समधे वेळा टाइप करत गेले होते, उगाच, सवय आहे. जुळे सोलापुरातून रिक्षात बसलो ६:५० ला. होटगी रोडच्या विमानतळावर ७:१० ला, हे मात्र भारी आहे, गावातच विमानतळ. आईने बॅगेत शेंगाचटणीचे सहा पुडे आणि कडक भाकरीची चवड भरलेली, आदल्या रात्री घरी ताणकाट्याला बॅग लटकवून तीनदा वजन केलेलं, प्रत्येक वेळी वेगळं आलेलं. चाकं सुटली ९:०२ ला, टेकली ९:५४ ला. बॅग हातात १०:१५. बाहेर टॅक्सी ठरवून निघायला १०:४०. मावशीच्या दारात ११:३०. म्हणजे दारापासून दारापर्यंत चार तास चाळीस मिनिटं, त्यातली हवेतली बावन्न. पाचवा हिस्सा पण नाही!

पण हेच गाडीने गेलो असतो तर? सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, चारशेच्या वर किलोमीटर, मधे एक चहा, एक जेवण, आईच्या गुडघ्यासाठी दोन थांबे, नऊ तास कुठे गेले नाहीत. तेव्हा 'घरातून निघण्यापासून मोजा, मग विमानाची पोल खुलते' असं जे काही लोक लिहितात ना ते इथे लागू पडत नाही. सगळा वेळ मोजून पण विमान निम्म्या वेळेत पोचवतं. म्हातारं माणूस असेल तर फरक तासांपेक्षा फार मोठा आहे, आई उतरल्यावर चालत गेली, आडवी नाही झाली.

मग अडलं कुठे? तर त्यानंतर चार महिन्यांनी. सोमवारी रात्री मावशीच्या घरून फोन आला, पित्ताशयाचं ऑपरेशन, बुधवारी सकाळी. मी लगेच विमान बघितलं. मंगळवारी नव्हतं. बुधवारी पण नव्हतं. यात कुणाचा दोष नाही, वेळापत्रकच तसं होतं, ते आधीपासून छापलेलं होतं. आम्ही ट्रॅव्हल्सने रात्रभर कोल्हापूर आणि तिथून सकाळी दुसरी गाडी असं करत पोचलो. तेव्हापासून आई विमानाबद्दल एकच प्रश्न विचारते, "अगं, विमान कुठल्या वारी असतं?" किती वेळ लागतो हे ती विचारत नाही. आठवडी बाजारासारखं झालंय ते तिच्यासाठी. आणि मला वाटतं आमच्या अख्ख्या कुटुंबात विमानसेवेचा प्रश्न तिलाच नीट कळलाय.

आता थोडं गणित करते, कंटाळू नका. समजा विमान सोम, बुध, शुक्र असं आठवड्यातून तीन दिवस आहे. तुम्हाला जायची गरज कधीही पडू शकते, गरज काही वार बघून येत नाही. मधली अंतरं झाली दोन दिवस, दोन दिवस आणि तीन दिवस. मोठ्या अंतरात सापडायची शक्यता जास्त हे धरून, सरासरी किती वाट बघावी लागते ते काढलं तर येतात एकोणतीस तास. विमान सव्वा तासाचं, वाट एकोणतीस तासांची. रोज एक विमान असेल तर तीच सरासरी बारा तास, म्हणजे रात्री झोपा आणि सकाळी जा. आणि गंमत पुढे आहे. समजा तीनच्या ऐवजी चार विमानं केली, पण सगळी शुक्र-शनि-रवि-सोम अशी एकाला एक चिकटून. वाट कमी व्हायला पाहिजे ना? उलट वाढते, साडेबत्तीस तासांच्या आसपास जाते, कारण सोमवारनंतर सरळ चार दिवसांचं भगदाड पडतं. फिरायला जाणाऱ्याला हे वेळापत्रक एकदम मस्त, शुक्रवारी गेला सोमवारी आला. ऑपरेशनला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला, मयतीला जाणाऱ्याला ते नसल्यात जमा. बातमीत मात्र येणार 'फेऱ्या तीनवरून चारवर', आणि आपण पेढे वाटणार.

हे वेळापत्रकाचं काही अपघाताने झालेलं नाही. छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडायची केंद्राची 'उडान' योजना २०१६ च्या विमान धोरणातून आली, पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, शिमला-दिल्लीचं जे मोठं उद्घाटन झालं त्याच दिवशी आपल्या नांदेड-हैदराबादला पण झेंडा दाखवला होता, हे लोक विसरलेत. तेव्हा गाजलेला आकडा कुठला? तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये. बघा, पुन्हा तास आणि किलोमीटर. फेऱ्यांचा नियम मात्र कुणी वाचला नाही. सवलतीच्या, म्हणजे सरकार पैशाची मदत देतं त्या मार्गावर आठवड्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात, असा तो होता. म्हणजे ज्या योजनेला देशातल्या साध्या माणसाला उडवायचं होतं, तिच्याच कागदात एकोणतीस तासांची वाट पास धरली होती.

आणि मग कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला २०२३ मधे. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले होते, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत तीन वर्षांनंतर पण चालू राहिलेले उरले ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! यातला एकही मार्ग 'फार वेळ लागतो' म्हणून बंद पडलेला नसणार, वेळ तर सगळीकडे तासाभराचाच होता. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच बघा ना. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढा सोहळा झाला, मुंबईचं विमान सुरू, कोकणी माणसाचं स्वप्न वगैरे. तीन वर्षं सरली, २०२४ मधे मुंबईचं विमान थांबलं. त्यात मधेच जानेवारी २०२३ मधे मोपा चालू झालं, चिपीपासून सरळ रेघेत पन्नास किलोमीटरच्या आत, आणि तिथून मुंबईला दिवसातून कितीतरी विमानं. सावंतवाडीचा माणूस कुठे जाईल? जिथे आज पण विमान आहे आणि उद्या पण आहे तिथे. तिकीट महाग असलं तरी तो तिकडेच जातो, मी जाताना बघितलंय.

विमान रद्द होण्याचं दुःख तर वेगळंच. कुठलं शहर, कुठली कंपनी ते जाऊ दे, पण एकदा एका छोट्या विमानतळावर सकाळी आम्ही पन्नासेक लोक बसलो होतो आणि तासाने कळलं की विमान येत नाहीये. मोठ्या शहरात असं झालं तर पुढच्या विमानात बसवतात, दोन तास जातात, शिव्या देऊन माणूस पोचतो. तिथे पुढचं विमान परवा होतं. काउंटरवरचा पोरगा बिचारा पैसे परत मिळतील म्हणून सांगत होता आणि समोरच्या एका काकांची विमानात बसायची ती पहिलीच वेळ, ते परत परत विचारत होते, "मग आता एसटी कितीला हाय?" सव्वा तासाच्या प्रवासाला दोन दिवसांची जोखीम, आणि ही जोखीम कुठल्याच वेबसाइटवर दिसत नाही. छोट्या धावपट्टीवर आधुनिक यंत्रणा नसली की पायलटला डोळ्यांनी बघून उतरायचं असतं, सकाळी धुकं असलं की विमान येणार नाही, संध्याकाळी उशीर झाला आणि रात्री उतरायची सोय नसली तरी येणार नाही. त्यामुळे एका सकाळच्या उशिराने अख्ख्या दिवसाची साखळी तुटते, कारण तेच एक विमान चार गावं फिरत असतं.

सोलापूरकरांना तर या सगळ्याचा हिशोब मागायचा जास्त हक्क आहे, कारण आम्ही किंमत मोजलीये. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानाच्या वाटेत येते म्हणून. किती वर्षं भांडण चाललं होतं त्याच्यावर, घराघरात दोन पार्ट्या, एकाला विमान पाहिजे, दुसऱ्याचा ऊस त्या कारखान्यात जायचा. आमच्या गच्चीवरून फक्त धूळ दिसली, पण व्हिडिओ मात्र संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या फोनमधे होता. कुणी हळहळलं, कुणी स्टेटसला विमानाचं चित्र ठेवलं. त्यानंतर पहिलं विमान कधी उडालं? सप्टेंबर २०२४ मधे ऑनलाइन उद्घाटन आणि प्रत्यक्षात गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला. चिमणी पाडल्यावर दोन वर्षं जवळजवळ. तिकडे बोरामणीचा मोठा विमानतळ वनजमीन आणि माळढोक यांच्यात अडकून पडलाय तो वेगळाच, जमिनी दिलेल्यांची पोरं मोठी होऊन पुण्याला नोकरीला लागली, बसने गेली.

मग मुंबईचं. २०२५ मधे राज्य सरकारने सोलापूरच्या मुंबई मार्गासाठी सीटमागे ३,२४० रुपये द्यायचं ठरवलं, एका वर्षाचे १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. मी कॅल्क्युलेटरवर भागून बघितलं. बरोब्बर ५५,४८० सीट येतात. आणि ५५,४८० म्हणजे ७६ सीटचं विमान, रोज एक जाणं एक येणं, ३६५ दिवस, एक सीट इकडे-तिकडे नाही. म्हणजे सरकारने हिशोब करताना विमान रोज धरलं होतं! ऑक्टोबरमधे सेवा सुरू झाली ती मात्र आठवड्यातल्या काही दिवसांचीच. न उडालेल्या सीटचे पैसे कुणी देणार नाही, ते ठीकच आहे, घोटाळा झाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की रोजच्या विमानाचा खर्च झेपतो हे सरकारने कागदावर आधीच मान्य केलंय, मग अटीत 'रोज' हा शब्द का नाही घालायचा? पैसे सीटमागे देता, ते वारामागे द्या. सातही दिवस उडाला तर पूर्ण, चार दिवस उडाला तर निम्म्यापेक्षा पण कमी, असा उतरता दर ठेवा, मग कंपनी आपोआप गणित बदलेल.

यावर पहिला आक्षेप मला माहितीये, प्रवासीच नाहीत तर रोज विमान कसं परवडेल. अहो पण प्रवासी का नाहीत? जो माणूस एकदा 'मंगळवारी नाही' ऐकतो तो दुसऱ्यांदा बघतच नाही, सरळ ट्रॅव्हल्सचं ॲप उघडतो, जसं आम्ही केलं. विमान कमी म्हणून माणसं कमी आणि माणसं कमी म्हणून विमान कमी. सरकारी पैसा घालायचाच असेल तर हा फेरा तोडायला घाला ना. अमेरिकेत १९७८ पासून छोट्या गावांसाठी अशी सरकारी मदतीची विमानसेवा चालू आहे, तिथे अट साधारण दिवसाला दोन फेऱ्यांची असते. तिथे पण रिकाम्या विमानांवर पैसे उधळतात म्हणून ओरड होतेच, मी काही तो स्वर्ग आहे असं म्हणत नाही. पण तिथल्या गावाला माहीत असतं की उद्या विमान आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. लोक म्हणतात हे पैसे रेल्वेत घाला. खरंय, सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे, ४५५ किलोमीटर साडेसहा तासात, पहाटे सहाच्या सुमाराला बसा आणि दुपारी सीएसएमटीला उतरा, विमानतळावरून गर्दीतून शहरात शिरायचं लफडं नाही. मुंबईसाठी मी स्वतः ट्रेनच घेते, आणि घाई नसेल तर रात्रीची सिद्धेश्वर, झोपेत पोचता येतं. तुळजापूरची रेल्वे अजून होतेय होतेय करतेय तिथे विमानाला पैसे कशाला, हा राग पण मला समजतो. पण गोव्याचं तसं नाही. तिकडे मधे घाट आहे, सरळ रेल्वे नाही, रस्ता नऊ तासांचा. माझ्या मते विमानाला सरकारी पैसा द्यायचा की नाही हे हवाई अंतरावर ठरवूच नये, जमिनीवरून किती तास लागतात त्यावर ठरवावं. जिथे चांगली ट्रेन आहे तिथे विमान कंपनीने स्वतःच्या हिमतीवर चालवावं, जिथे घाट आणि नऊ तास आहेत तिथे सरकारने हात द्यावा, आणि दिला तर रोजचा द्यावा. दहा मार्ग आठवड्यातून तीनदा, यापेक्षा चारच मार्ग रोज, मला हे चालेल, मग त्यात माझं सोलापूर-गोवा कटलं तरी चालेल. (आईला हे वाक्य दाखवणार नाही.)

आता तुम्ही म्हणाल निवडून आलेला माणूस हे कशाला करेल. नाहीच करणार, कारण चार मार्गांना चार फिती कापता येतात आणि दहा मार्गांना दहा. २०२५ च्या केंद्रीय बजेटमधे १२० नवीन ठिकाणं जोडायची घोषणा झालीये, पुढच्या दहा वर्षांत. ठिकाणं मोजली, वार कुणी मोजले? निदान एवढं तरी करा, प्रत्येक छोट्या विमानतळाच्या दारावर फळा लावा, एसटी स्टँडवर असतो तसा, गेल्या महिन्यात किती विमानं यायची होती, किती आली, किती रद्द झाली. आणि विमानाच्या वेळेला धरून शहरातून एक बस सोडा, मोपाला कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस दिसली तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं, पण आईला घेऊन सामानासकट ती पकडायची हिंमत झाली नाही म्हणून टॅक्सी केली.

मावशी आता बरी आहे. चतुर्थीला आईला न्यायचंय, म्हणून परवा परत वेळापत्रक उघडून बसले होते. जायचं जमतंय. यायच्या दिवशी विमान नाहीये, दोन दिवस जास्त राहावं लागेल, मावशी म्हणते, "राहा की गं, घाई काय आहे." तिला सुट्टी टाकायची नसते. माझ्या साहेबांना काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये.